दोन रिंगांची पाळी

थंडी पडली की आमच्या रानात दोन वास एकदम येतात. एक वाऱ्याबरोबर साखर कारखान्याचा, गोडसर आणि थोडा आंबूस. दुसरा कांद्याच्या कोवळ्या रोपाचा. पहिला सगळ्या लासुर्णे गावाचा असतो, दुसरा ज्याच्या त्याच्या बोटांचा. रोप उपटून, जुड्या बांधून, वाफ्यात लावून संध्याकाळी कितीही हात चोळून धुतले तरी भाकरी थापताना तो वास पिठात उतरतोच. मला तो लहानपणापासून आवडतो. या वर्षीही आवडतो, पण आता त्याच्याबरोबर माझी कानशिलं गरम होतात.

लाजेलाही हंगाम असतो, हे मला मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. उन्हाळ्यात ती गोष्ट मनात आली नाही. पावसाळ्यात खुरपणीच्या गडबडीत आली नाही. दिवाळी सरली, रोपाच्या वाफ्यावर सकाळी दव दिसायला लागलं, आणि जिथं ठेवली होती तिथूनच ती उठून आली. जशी गोधडी पेटीतून निघते, घडीसकट.

मला चार माणसांत बोलता येत नाही. सगळे जमले की माझा आवाज पदराच्या आतच राहतो. लिहायला त्या मानानं बरं पडतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर गुरुजींनी घोटून घेतलं होतं. हे कागद कुणी वाचावेत म्हणून लिहीत नाही. मनातलं बाहेर काढून एकदा डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी लिहिते.

आमची विहीर सामाईक आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भावांना बरोबर घेऊन ती पाडली. आबा गेले, भाऊ गेले, घरं वेगळी झाली, पण विहीर एकच राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. शेतीची लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. ज्याची पाळी असेल त्यानं विहिरीवर जायचं आणि आपल्या रानाकडचा कॉक फिरवायचा. जो आला नाही, त्याची पाळी पुढच्याला. तो नियम आबांचाच. माझे थोरले दीर तात्या आता भावकीत वडीलधारे, ते अजून आबांच्याच आवाजात सांगतात, "हीर कुनाची वाट बघत न्हाय."

अडचण एवढीच, की लाईटही कुणाची वाट बघत नाही. ती येते तिच्या मनानं. कागदावर एक वेळ, खांबावर दुसरी. त्यामुळं ज्याची पाळी असे तो सकाळपासून विहिरीकडं डोळे लावून बसे. मोटरीच्या पेटीवरचा बारका लाल दिवा दिसतो का बघायला किती खेपा व्हायच्या. सगळ्यात जास्त हाल माझ्या जावेचे, आक्काचे. मधल्या दिरांची ती बायको. दीर गेल्यापासून एकटीच असते, पोरी सासरी. तिचं राहतं घर वरच्या अंगाला, रान खालच्या अंगाला, आणि गुडघे दोन्ही धरलेले.

माझी लेक आशू बारामतीला कॉम्प्युटर शिकते. शनिवारच्या एसटीनं येते, सोमवारी जाते. दोन हिवाळ्यांपूर्वी तिनं डोक्यात घेतलं की आक्काच्या ह्या खेपा बंद करायच्या. कुठून तरी बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी आणली. तिला एक सिमकार्ड जोडलं, आणि सगळं मिळून माझ्या जुन्या मिसळणाच्या डब्यात बसवून मोटरीच्या पेटीशेजारी टांगलं. हळदीचा डाग अजून त्या डब्याला आहे. लाईट आली की डब्याला कळायचं. मग ज्याची पाळी त्याच्या फोनवर तो मिस कॉल द्यायचा. दोन रिंगा, आणि बंद. आपण उलट मिस कॉल दिला की डब्याला कळायचं, माणूस निघालं. नाही दिला तर थोडा वेळ थांबून पुढच्याचा फोन वाजवायचा. बस. कुणाला पैसा लागत नाही, कुणाला वाचावं लागत नाही.

पहिल्यांदा तिनं असं केलं नव्हतं. पहिल्यांदा तिनं मेसेजचे शब्द लिहिले होते. मी चुलीपुढं, ती दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन. मला वाचून दाखवायची. "लाईट आलेली आहे. आज आपली पाळी आहे. कृपया विहिरीवर यावे."

मग स्वतःशीच म्हणायची, "लई लांबलं. आई, 'कृपया' काढू?"

"आपल्यात कोन म्हनतं कृपया?"

ती हसली आणि तो शब्द गेला. मग 'आपली' गेलं. मग 'आहे' गेलं. असं निवडत निवडत शेवटी 'लाईट. पाळी.' एवढं उरलं. त्याकडं ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आक्काला तर वाचताच येत नाही. मग हे दोन शब्द तरी कुणासाठी?" आणि तेही पुसले. राहिल्या दोन रिंगा.

तिचा तो हात मला ओळखीचा वाटला. तांदूळ निवडताना माझा असाच चालतो. खडा दिसला की बोट आपोआप जातं. पण तेव्हा हे मी तिला सांगितलं नाही. पुरं झाल्यावर तिनं मला लॅपटॉप दाखवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. वर-खाली काही सरकवायचं नाही, सुरुवात आणि शेवट एका नजरेत.

"एवढंच?" मी म्हटलं.

तिला ते कौतुक वाटलं. तिचा चेहरा फुलला. "व्हय, एवढंच! आई, हे सगळं मिळून आपल्या मोत्याच्या एका फोटोपेक्षा बारीक आहे. कुत्र्याच्या फोटोला फोनात जितकी जागा लागते ना, तितक्यात असले शेकड्यानं प्रोग्रॅम मावतील."

मी कौतुकानं म्हटलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं, एवढी वर्षं शिकवलं, एवढी एसटी केली, आणि केलं काय तर एवढंसं? म्हणून पुढं विचारलं, "मग मोठं का न्हाईस करत?"

"मोठं केलं की चूक लपायला जागा होते."

ते मात्र मला पटलं. आमच्या अडगळीच्या खोलीत पोती, फाटक्या ताडपत्र्या, तुटके पाट. तिथं साप निघाला तेव्हा माणसं दिवसभर काठ्या घेऊन उभी होती, पण तो कुठं शिरलाय ते कुणाला कळेना. आक्काच्या एका खोलीत साप आला तर तिला दारातूनच दिसेल. तिच्या घरात लागेल तेवढंच असतं. एक उतरंड, एक पेटी, एक खाट. आणि खुंटीला जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं कांद्याचं बी.

त्या बियाचंही सांगायला हवं. आक्का दर वर्षी चांगले कांदे बघून लावते, त्याला फुलांचे डेंगळे येऊ देते, आणि त्याचं बी धरते. कांद्याचं बी काळं, मोहरीहून बारीक, कोपऱ्याकोपऱ्याचं. ते वर्षभरापेक्षा जास्त टिकत नाही. दर वर्षी पेरलं तरच जिवंत राहतं. आक्का प्रत्येक घराला काडेपेटीत घालून बी देते. काडेपेटी हलवली की आत वाळू असल्यासारखी वाजते, आणि त्या वाळूत आख्खा वाफा झोपलेला असतो. तिच्या सासूच्या सासूपासूनचं बी आहे म्हणतात. कांदा गुलाबी, तिखट, आषाढापर्यंत टिकणारा.

तो हिवाळा सगळ्यांचा सुखात गेला. दोन रिंगा वाजल्या की आक्का काठी घेऊन निघायची. तिला फोनमधलं हिरवं बटण तेवढं ठाऊक. ती म्हणायची, "डब्याला माजा नंबर पाठ हाय गं. माज्या पोरीस्नी न्हाय."

मग मागची दिवाळी आली. तात्यांचा मुलगा विक्रम पुण्याहून आला. तोही कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, मोठ्या पगारावर. पोरगा गुणी. आला की सगळ्यांच्या पाया पडतो, माझ्या हातची बाजरीची भाकरी मागून खातो. त्यानं डबा बघितला आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "आशू, अजून मिस कॉलवर? लोकांनी ॲप केलीत."

तात्यांना ते लागलं असावं. पलीकडच्या शिवारात कुणाकडं तरी ॲप आलेलं त्यांनी ऐकलं होतं. पाडव्याला मोटरीची पूजा असते. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटत वाटत भावकी विहिरीच्या कठड्याला बसली आणि बोलणं निघालं.

"ॲप कर इकरम. पन आबांचा फोटू पयला पायजे. हीर त्यांची," तात्या म्हणाले.

"हारासकट घे," एकजण.

"आन् गनपती? गनपतीच्या आदी आबा कसं चालंल?"

"बरं, गनपती, मग आबा. मागनं गाणं लाव एखादं."

"माज्या नातवाचा वाढदिस येतोय, शुबेच्छा टाक की तेवढ्या."

"मग आमच्याबी पोराच्या टाक. न्हाय टाकल्या तर ही घरात भाकरी वाढायची न्हाय मला."

"समद्या घरांचं फोटू टाक बाबा. एकाचं ऱ्हायलं तर वरीसभर अबोला."

सगळे हसत होते. मीही बायकांत बसून हसत होते. लग्नाची पत्रिका अशीच ठरते. माझ्या लग्नाची मला आठवते. आजोबांपासून किलबिल करणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांची नावं, कुणाचं वर घ्यायचं कुणाचं खाली यावरून दोन घरं रुसलेली. मुहूर्त मात्र तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. माझा सख्खा मामा अक्षता पडल्यावर पोचला. त्यानं पत्रिका पुढं करून भांडण काढलं, "ह्यात येळ कुठं लिवलाय ते दावा मला!" सगळ्यांनी शोधला. बराच वेळ सापडला नाही.

हे मला तेव्हा, त्या कठड्यावर आठवायला हवं होतं. ते आठवलं पुढं, पौषात.

आशूनं विचारलं, "तात्या, ह्या सगळ्यात पाळी कुठं दिसणार?"

"खाली दिसंल की. बोटानं सरकवायचं."

"आणि एवढं मोठं झाल्यावर जुन्या फोनात मावणार कसं?"

विक्रम समजुतीनं म्हणाला, "आशू, आता फोनला ढिगानं जागा असते. ही असली काटकसर करायचे दिवस गेले. लोकांना बघायला काहीतरी चांगलं वाटलं पाहिजे ना?" त्याचं म्हणणं मला पटल्यासारखंच वाटलं. पाहुण्याला ताट भरूनच वाढतो ना आपण. कोपरा मोकळा दिसला तर वाढणारीची लाज.

"आक्काच्या फोनात तर हे चालणारच नाही," आशू म्हणाली. "तिचा बटणाचा आहे."

"आक्काला बांधावरनं हाक मारायची. हिचं रान लागूनच हाय," असं म्हणून तात्यांनी माझ्याकडं बघितलं. आशूनंही बघितलं. ती माझ्याकडून शब्दाची वाट बघत होती. दोघींनी मिळून 'नको' म्हटलं असतं तर कदाचित तात्या थांबले असते.

मी मान डोलावली. तात्यांच्या बाजूनं डोलावली.

का, ते लिहिते. सकाळी पूजेच्या आधी विक्रमनं माझा फोटो घेतला होता. माझा एकटीचा फोटो तोपर्यंत फक्त आधार कार्डावर होता, आणि त्यात मी धरून आणल्यासारखी दिसते. त्यानं मला जांभळीच्या झाडाखाली उभं केलं. हिरवी साडी मी पूजेसाठी नेसले होते, पण खरं म्हणजे त्याच्यासाठीच नेसले होते, कारण फोटो घेणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. "काकू, हसा की जरा." मला हसता येईना. मग तो म्हणाला, "तुमच्या भाकरीला पुण्यात तोड नाही," आणि मला हसू आलं, तेवढ्यात त्यानं टिपला. फोटोखाली माझं नाव, पूर्ण. माझं नाव छापलेलं मी शाळेच्या दाखल्यानंतर बघितलं नव्हतं. अशा वेळी नको म्हणायला जीभ उचलत नाही.

त्यानं सुट्टीतच ॲप करून दिलं. डब्यातलं सिमकार्ड काढून नव्या यंत्रात घातलं. सगळ्यांच्या फोनात उतरवून दिलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा गाणं वाजलं, गणपती आला, मग हार घातलेले आबा आले, आणि बसलेल्या सगळ्यांनी त्या फोनला हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतर मी ते दिवसातून कितीदा उघडत असे, हे लिहायला हात अडखळतो. गोठ्यात कोणी नसताना. जळण आणायला गेल्यावर. पाळी बघायला नाही. गणपती, आबा, तात्यांचं घर, वाढदिवस, आणि मग मी. हिरवी साडी, मागं जांभळ. उघडायला वेळ लागायचा, मधेच एक गोल फिरत राहायचं घाण्याच्या बैलासारखं. मला चालायचं. माझ्यासाठी कुणीतरी दार उघडतंय, असं वाटायचं.

हाका मी मारल्या. सुरुवातीला नीट मारल्या. ॲपमध्ये खाली सरकवत सरकवत पाळी बघायची, आक्काचं नाव दिसलं की बांधावर जायचं. माझा आवाज लहान, आक्काचं घर वरच्या अंगाला, तर मी अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन यायची.

मग एके दिवशी ॲप उघडेना. काहीतरी नवं उतरवून घ्या म्हणत होतं, आणि फोन म्हणत होता, जागा नाही. मी बंद करून परत लावला. तेच. घरात मालक होते, त्यांना विचारावं तर ते म्हणणार, काय केलंस त्याला? शेजारच्या घरात विचारावं तर सगळ्यांचं चालत असणार, माझंच नाही. यंत्र चालेनासं झालं की आपल्याला यंत्राचा दोष दिसत नाही. आपलंच डोकं कमी, आपलाच हात वाकडा, असं वाटतं. मी फोन पालथा घातला आणि कुणाला सांगितलं नाही. आमची पाळी मालकांना तात्यांकडून चहावर कळत होती. आक्काची कळवायची ती मीच, हे मला ठाऊक होतं. आज विचारीन, उद्या विचारीन, शनिवारी आशू येईल, असं करत राहिले.

आक्का घरात गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसली होती. हाक नाही म्हणजे लाईट नाही, असं धरून. तिची पाळी आली, कुणी कॉक फिरवला नाही, आणि आबांच्या नियमानं ती पुढच्या घराला गेली. मग पुन्हा फिरून आली, आणि पुन्हा गेली. पुढच्या घराला वाटलं, आक्काला नको असेल. कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. तिचा रोपाचा वाफा खालच्या रानात उन्हात पडून राहिला.

शनिवारी आशू एसटीतून उतरून रानातूनच घरी आली. पिशवीही खाली ठेवली नाही. "आई, आक्काचं रोप गेलं. पार वाळलं. तिला हाक नाही मारलीस?"

मी फोन पुढं केला. तिनं उघडून बघितला, बोटानं काय काय केलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. "तुझं काही चुकलं नाही. ॲप फुगलंय. प्रत्येक वाढदिवसाला एक फोटो चढतोय, तुझ्या फोनात आता ते मावत नाही. पाळी सांगणारा भाग एवढासा आहे, आई, नखाएवढा. बाकी सगळं मिरवणूक. सुई पाहिजे होती, त्यानं शिंप्याचं दुकान उचलून आणलं."

मी विचारलं, "माजा फोटू केवढा?"

तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. सरळ सांगून टाकलं. "तुझ्या एका फोटोत माझ्या डब्यातला प्रोग्रॅम शेकड्यानं मावेल. मोत्याचं सांगितलं होतं ना, तसंच."

ती काय काय पुसत बसली, शेवटी ॲप सुरू झालं. मी तोवर चुलीत काटक्या सारत होते, जाळ नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आली. काठी भिंतीला लावली, ओट्यावर हळूच टेकली. मला वाटलं, आता बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुजा फोटू लई झ्याक आलाय म्हनं. आमच्या फोनात न्हाय गं दिसत. दाव की."

मी फोन आणला. ॲप लावलं. गाणं वाजायला लागलं. गोल फिरायला लागलं. आक्का डोळे बारीक करून त्या गोलाकडं बघत होती, जसं काही तेच बघायला आली होती. "ह्योच का?"

"न्हाई आक्का. येतोय अजून."

"येऊ दे, येऊ दे. मला कुठं जायचंय? रानात काय ऱ्हायलं न्हाय बघ आता."

एवढंच बोलली. टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं. गणपती आला, तिनं हात जोडले. आबा आले, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग कुणाकुणाचे वाढदिवस. ते सगळे जाईपर्यंत मला माझ्या फोनवर हात ठेवून तो झाकावासा वाटत होता. मग मी आले. हिरवी साडी, मागं जांभळ.

आक्कानं फोन हातात घेतला, उन्हापासून पदरानं आडोसा केला. बराच वेळ बघितलं. "चांगली दिसतीस गं. नथ घालायची व्हतीस. माजी मागायची व्हतीस, दिली असती."

मी चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ दूध शोधत राहिले, ते समोरच होतं.

संक्रांतीला विक्रम आला तेव्हा तात्यांच्या पुढच्या सोप्यात सगळे बसले होते. मी तिळगूळ द्यायला म्हणून गेले आणि दारातच उभं राहून म्हटलं, "इकरम, माजा फोटू पुसून टाक त्यातनं."

माझा आवाज तिथं कुणी फारसा ऐकलेला नव्हता. तात्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"काकू, एका फोटोनं काय फरक पडतोय?" विक्रम म्हणाला.

माझ्या मागून आशू म्हणाली, "प्रत्येक फोटो असंच म्हणतो, दादा."

मग मी जे घडलं ते सांगितलं. ॲप उघडत नव्हतं हे, मी कुणाला विचारलं नाही हे, आक्काचं रोप कशानं गेलं हे. तुटक तुटक सांगितलं, पण सांगितलं. विक्रमचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं, त्यानं जे केलं होतं ते आबांच्या मायेनं केलं होतं. तात्या म्हणाले, "आबांचा फोटू काय पुसायचा न्हाय." बाकीच्यांच्या फोटोंचंही तसंच झालं. सगळ्यांना पटलं, आपलं पुसायला कुणी तयार होईना. शेवटी ॲप आहे तसं राहिलं, फक्त त्यातलं पाळीचं काम काढलं. विक्रमच उठला, विहिरीवर गेला, सिमकार्ड चिमटीत धरून परत माझ्या मिसळणाच्या डब्यात बसवलं. आशूला म्हणाला, "तुझं लिहिलेलं मला दाखव बरं एकदा." तिनं दाखवलं. त्यानं ते एका नजरेत वाचलं, मग परत वाचलं. माझ्यासारखंच म्हणाला, "एवढंच?" पण त्याच्या तोंडून ते वेगळं निघालं.

माझा फोटो तेवढा पुसला गेला. खोटं कशाला लिहू, कधी कधी तो बघावासा वाटतो. जळण आणायला गेल्यावर हात कमरेच्या फोनकडं जातो.

आक्काकडं पेरायला बी उरलं नव्हतं, आणि असतं तरी वेळ टळून गेली होती. पण तिनं दिलेल्या काडेपेटीतलं माझ्या वाफ्यात उगवलेलं होतं. त्यातलं बरं बरं रोप उपटून पाटीत भरलं, ओल्या पोत्यानं झाकलं, आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तिनं पोतं उचकटून बघितलं, एक काडी घेऊन नखानं तोडली, वास घेतला.

"माजंच बी, माज्याच वटीत घालतीस व्हय?" म्हणाली. आणि हसली. मग आम्ही दोघींनी मिळून ते लावलं. ती गुडघ्यामुळं बांधावर बसून जुड्या सोडून देत होती, मी लावत होते. माझ्या स्वतःच्या वाफ्यात त्या वर्षी टक्कल पडल्यासारखी मोकळी जागा राहिली. येणारे-जाणारे विचारायचे, हितं काय झालं? मी म्हणायची, लावलंच न्हाई.

आक्काच्या रानात कांदा झाला. तिनं त्यातले डेंगळे धरले. या दिवाळीत पुन्हा घराघरात काडेपेट्या गेल्या. माझीही आली. मी ती कानाशी नेऊन हलवली. आत वाळू वाजली.

हाक मारायचं काम माझ्याकडं होतं, हे आक्काला माहीत होतं. हाक आली नाही, हे तर तिच्यावरच बेतलं. तरी तिनं ते एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि मीही तिच्यासमोर कधी म्हटलं नाही. सोप्यात सगळ्यांपुढं म्हटलं, ते सोपं होतं. कमी बोलणं म्हणजे काय, हे मला वाटायचं मला येतं. पण माझं कमी बोलणं म्हणजे लागेल तेही न बोलणं. आशूच्या त्या काळ्या पडद्यावर जे नाही ते मुद्दाम काढलेलं आहे, आणि जे लागतं ते सगळं आहे. दोन्ही दिसायला सारखंच, लहान.

आज सकाळी रोप उपटत होते. धुकं अजून उसावर होतं, कुठंतरी ट्रॅक्टर चढाला लागला होता. तेवढ्यात विहिरीवर मोटरीनं आवाज धरला, आणि वरच्या अंगाला आक्काच्या घरात फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद. तिची पाळी. आता कुणी सांगायला नको, बांधावर जायला नको.

मी रोपाची जुडी खाली ठेवली, बांधावर गेले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं हाक मारली.

"आक्काऽऽ! पाळीऽऽ!"

धुक्यातून काठीचा आवाज आला, मग तिचा. "ऐकलं गं बाई! डब्याचंबी ऐकलं, तुजंबी ऐकलं!"

तिच्या प्रत्येक पाळीला मारते. डब्याला त्याची गरज नाही, हे मला कळतं. आशूनं एकदा विचारलं, आई, हे कशाला आता? मी म्हटलं, एवढं एक जास्तीचं राहू दे.